अवेळी आलेला पोदेर

साखळी,
५ सप्टेंबर २०२५

प्रिय जानकी,

आशीर्वाद. रागावलो आहे, तरी आशीर्वाद आधी देतो. मोठ्या भावाला तेवढं करावंच लागतं.

चवथ आटोपली. गणपती पोचवून आलो त्याच सांजेला तुला फोन केला. विचारलं, "तुझा गुडघा कसा आहे?" तू म्हणालीस, "हो, गणेशकडून पाठवून देते." मी म्हटलं, "लेकाकडून काय पाठवतेस?" तर "बरं बरं, सगळ्यांना सांग," म्हणून ठेवून दिलास. गेलं वर्षभर हेच चाललंय. पूर्वी फोनवर बसलीस की माझा कान गरम होईपर्यंत सोडायची नाहीस. आता दोन वाक्यं आणि खट्. वर निरोप येतो, इब्रामपुरात रेंज नाही, पत्र लिही. लिहितो बाई. पण खरं सांग, माझं काही चुकलं काय? तुझी वहिनी गेल्यापासून मला 'अरे दादा' म्हणणारं माणूस तू एकटंच उरली आहेस. तूही तुटलीस तर मी भांडू कुणाशी?

बाकी बातमी अशी, की मी सायकलवाला झालो. डॉक्टर म्हणाला, साखर वाढली, हिंडा. गुडघा म्हणाला, हिंडायचं नाव काढू नको. शेवटी चिरंजीव निखिलने गिअरची सायकल आणून दिली. खाणीच्या काट्यावर बसून जन्मभर दुसऱ्यांचे ट्रक तोलले, म्हातारपणी स्वतःचं वाहन आलं.

रोज सकाळी वाळवंटी नदीच्या काठच्या वाटेने जातो. वाट सगळ्यांची, पायांची आणि चाकांची. पण चालणारे म्हणजे काय सांगू! चार बायका हातात हात घालून आडव्या चालतात, रस्ता म्हणजे यांच्या घरचं गप्पा मारत बसायचं बाल्कांव! एक मास्तर मोबाइलात नाक घालून चालतो. घंटा वाजवली की डावीकडचा उजवीकडे उडी मारतो, उजवीकडचा डावीकडे, आणि कुत्रं मधोमध बसतं. एक म्हातारी तर अशी, की घंटा वाजवून माझं बोट दुखलं तरी हटेना. शेवटी तिच्या बाजूने जाताना ओरडलो, "बहिरी आहेस काय गो, बाये?" तर माझ्याकडे बघून गोड हसली! आता अशा माणसांचं करायचं काय, तूच सांग.

उत्तर पाठव. फोन उचललास तर आणखी बरं.

तुझा दादा,
गोकुळदास


इब्रामपूर,
१२ सप्टेंबर

ती. दादा,

नमस्कार. तू रागात आशीर्वाद दिलास, मी हसत घेतला.

तुझं काही चुकलं नाही रे. रेंज नाही म्हटलं ना? फोनवर अर्धं बोलणं वाऱ्यावर जातं. पत्र कसं हातात राहतं. तुझं पत्र मी मागीलदारी बसून पुन्हा पुन्हा वाचलं. सूनबाई म्हणाली, "आई, हे मामांचं पत्र की पोथी?" कोमलची जीभ अलीकडे माझ्यावर गेली आहे.

तू आणि सायकल! आबांची सायकल चोरून, मला कॅरियरवर बसवून तू गवताच्या उडवीत घातली होतीस, आठवतं? मी वर, सायकल खाली, आणि तू उडवीलाच शिव्या देत होतास, "वाटेत कशाला उभी राहिलीस?" तुझा तो स्वभाव अजून गेला नाही म्हणायचा.

म्हणून सांगते, चालणाऱ्यांना इतकं बोलू नको. वाट आधी पायांनी पाडली, चाकं मागाहून आली. चालणारा कधी घरात भांडून निघालेला असतो, कधी नुसता आपल्यातच असतो. मागून येणाऱ्याला पुढचं दिसतं, पुढच्याच्या पाठीला काही डोळे नसतात. मग जपायचं कुणी?

मी पण चालते. सांज झाली की निघते, शाळेवरून, काजूंच्या कडेकडेने सातेरीच्या देवळापर्यंत. पायरीवर घटकाभर टेकते आणि परत येते. घरात मी दिवसभर कुणाची आई, कुणाची सासू, कुणाची आजी. त्या वाटेवर तेवढी नुसती जानकी असते. ती वाट आहे म्हणून माझं बरं चाललंय.

आणि ती तुझी टिचभर घंटा, ती ऐकणार कोण? आमच्याकडे सकाळी पोदेर सायकलवरून पाव घेऊन येतो. त्याच्या रबरी भोंपूची पोंक पोंक मला पार मागीलदारी, नळ सोडलेला असला तरी ऐकू येते. तसला भोंपू लाव. बघ कसे हलतात सगळे!

तुझी आगाऊ बहीण,
जानकी


साखळी,
१९ सप्टेंबर

जानकी,

तुझ्या अकलेला साष्टांग दंडवत. आशीर्वाद या खेपेला नाही.

डिचोलीच्या बाजारातून भोंपू आणला, हँडलला बसवला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मोठ्या ऐटीत वाजवला. पोंक पोंक! लोक हलले की! पण बाजूला नाही गो, माझ्या अंगावर! दारं उघडली, पिशव्या घेऊन बायका रस्त्यावर. "दोन उंडे दी रे!" "म्हाका चार पोळयो!" जी ती पावच मागते. एक गृहस्थ लुंगी सावरत आला आणि मलाच दटावतो, "काल खंय गेल्लो?" मी थांबलो तर एकीने मागे वाकून बघितलं आणि म्हणाली, "टोपलं खंय? पाव संपलो?" तेवढ्यात मागून खरा पोदेर आला, सगुण. त्याने मला आपादमस्तक न्याहाळलं आणि विचारलं, "काका, पेन्शन पुरत नाय काय?"

एवढ्यावर थांबावं की नाही? मी पुढे गेलो. वळणावर सवयीने पुन्हा वाजवला, तर संजना म्हणून एक बाई फाटकातून सरळ बाहेर. कानाला मोबाइल, एक हात पुढे, नजर तिसरीकडे. तिला वाचवायला मी हँडल वळवलं आणि गटारात गेलो. ती काय ओरडली ठाऊक आहे? "अगो बाई, पोदेर पडलो!" मग तिनेच उठवलं, गुडघा धुतला, चहा दिला, आणि "या वयात असले खेळ कित्याक?" म्हणून वर शिव्याही घातल्या.

म्हणजे घंटा वाजवली तर हलत नाहीत आणि भोंपू वाजवला तर अंगावर येतात. मी भोंपू काढून माळ्यावर टाकला.

आता नीट वाच. भाऊबीजेला मी सायकलने इब्रामपूरला येणार. डिचोलीवरून दोडामार्गाच्या अंगाने. दमलो तर उतरून ढकलीन. तू दिवाळीचे ते पाच तऱ्हांचे पोहे कर, ओवाळ, आणि माझ्यासमोर बस. समोरासमोर बोलायला रेंज लागत नाही.

(पडलेला पोदेर) दादा


इब्रामपूर,
२७ सप्टेंबर

ती. दादा,

अक्षर वाकडं आहे, डाव्या हाताने लिहिते आहे. घाबरू नको. मागीलदारी शेवाळावर पाय घसरला, उजवा हात मुरगळला, एवढंच.

"पोदेर पडलो" वाचून मी इतकी हसले की कोमल चुलीवरचं टाकून धावत आली. फार दिवसांनी हसले.

एक विचारते. ती हसणारी म्हातारी तुला परत दिसली काय? अजून तिच्यावर ओरडतोस?

यंदा भाऊबीजेला मात्र येऊ नको. गणेशने घराला रंग काढलाय, सगळं सामान अंगणात आहे, बसायला जागा नाही. तुळशीच्या लग्नानंतर बघू. रागावू नको, दादा.

सांजेचं फिरणं मी सोडलं. कंटाळा येतो. जनेलाकडे बसते, त्या खिडकीतून रस्ता दिसतो.

जानकी


साखळी,
३ ऑक्टोबर

जानकी,

सख्ख्या भावाला भाऊबीजेला येऊ नको म्हणणारी अख्ख्या पेडणे महालात तूच पहिली!

रंगाचं मला सांगू नको. मी रंगाच्या डब्यावर बसून ओवाळून घेईन. ज्या वाटेशिवाय तुझं चालत नाही म्हणून आधीच्या पत्रात लिहिलंस, तिचा पंधरा दिवसांत कंटाळा आला? मी जन्मभर काट्यावर बसलेला माणूस आहे, वजनात फरक पडला की मला कळतं. तुला माझा कंटाळा आला असेल तर तसं लिही. मी समजून घेईन. समजून घेणार नाही, पण गप्प बसेन.

ती म्हातारी रोज दिसते. मी रोज ओरडतो, ती रोज हसते. तुला तिची चौकशी सुचते, भावाची नाही.

गोकुळदास


इब्रामपूर,
८ ऑक्टोबर

ती. मामांस,

कोमलचा नमस्कार. हे पत्र मी आईंना न सांगता लिहिते आहे. तुमचं पत्र वाचून त्या दोन दिवस जेवल्या नाहीत, म्हणून लिहावं लागलं.

घराला रंगबिंग काही काढलेला नाही. आणि त्या शेवाळावरूनही पडलेल्या नाहीत. आईंना ऐकू येत नाही, मामा. दीडेक वर्ष झालं. फोनवर तर काहीच कळत नाही, म्हणून 'रेंज नाही' म्हणतात. रेंज चांगली आहे. तुम्ही काय विचारता ते समजत नाही, आणि तुम्हाला कळलं तर वाईट वाटेल म्हणून 'हो हो, बरं बरं' करून ठेवतात. आणि मग फोनजवळच बसून राहतात.

गेल्या महिन्यात देवळाकडून परत येताना मागून सायकल आली. मोप्याला विमानतळावर कामाला जाणारा सर्वेश म्हणून मुलगा आहे, आमच्याच वाड्यावरचा. त्याने घंटा पुष्कळ वाजवली म्हणे. आई बाजूला झाल्या नाहीत, त्याला ब्रेक लागला नाही. मनगटाचं हाड मोडलं, प्लास्टर आहे. मुलगा वाईट नाही, त्यानेच दवाखान्यात नेलं, रोज येऊन बघून जातो. पण पडल्या पडल्या घाबरून तो त्यांच्या कानाशी ओरडला, "बहिरी आहेस काय गो?" आईंना त्या दिवसात तेवढंच एक वाक्य नीट ऐकू आलं. घरी येऊन मला म्हणाल्या, "दादाच बोलला असं वाटलं." तुमच्या पहिल्या पत्रातलं ते वाक्य त्यांच्या मनात बसलं होतं, मामा. तुम्ही आलात तर तुम्हाला कळेल आणि तुम्हीही तसंच म्हणाल, याचं त्यांना भय आहे.

ह्यांनी आता आईंना सक्त ताकीद दिली आहे, एकटीने रस्त्यावर जायचं नाही. ह्यांचंही चूक नाही, आईच आहे ना. पण त्या सांज झाली की चप्पल काढून उंबऱ्याशी ठेवतात आणि जनेलाकडे जाऊन बसतात. मला बघवत नाही.

डॉक्टर म्हणाले, बारीक आवाज गेले, जाड आवाज थोडे उरलेत. मशीन लावा. आई म्हणतात, मशीन लावलं की गावभर बहिरी म्हणून नाव होईल. सकाळी पोदेराचा भोंपू वाजला की मात्र आपण होऊन सांगतात, "कोमल, पोदेर आला गो!" तेवढाच त्यांचा चेहरा फुलतो.

मी लिहिलं हे त्यांना कळू देऊ नका. काय करायचं ते तुम्ही ठरवा.

तुमची,
कोमल


साखळी,
१४ ऑक्टोबर

माझ्या जानकी,

मागचं पत्र फाडून चुलीत घाल. जळल्या तोंडाचा आहे तुझा भाऊ.

त्या म्हातारीची तू चौकशी केली होतीस, ती सांगतो. परवा मी घंटा वाजवली नाही. तिला मागे टाकून पुढे गेलो, सायकलवरून उतरलो आणि समोर उभा राहिलो. नमस्कार केला. तिने कानाला हात लावून मान हलवली, म्हणजे ऐकू येत नाही. मग जवळ येऊन म्हणाली, "माझं नाव शेवंती. तुमी रोज जाताना राम राम करता ना, माका बरं वाटता. या वाटेर माझ्याशी कोण बोलणा नाय."

जानकी, मी रोज तिला बहिरी म्हणत होतो आणि ती बाई रोज माझा राम राम घेत होती!

सायकल हातात धरून तिच्यासोबत पुलापर्यंत चालत गेलो. घरी येऊन अंघोळीच्या नावाखाली रडलो. वर्षं काढली मी या वाटा वापरण्यात, पण पुढे चालणाऱ्या माणसाला काय झालं असेल असं एकदाही मनात आलं नाही. वाटलं, बेफिकीर आहेत. उडवीसारखे वाटेत उभे आहेत.

आता रोज असंच करतो. पुढे जातो, उतरतो, तोंड दाखवतो, मग निघतो. सगुण पोदेर पोंक पोंक करत आला की शेवंतीबाई आपण होऊन कडेला होतात, तेही बघितलं. तुझं म्हणणं खरं होतं, घंटा कोण ऐकतो? म्हणून सगुणची परवानगी काढली. तो म्हणाला, "वाजवा काका, पण नऊनंतर. तोपर्यंत माझं टोपलं रिकामं होता." माळ्यावरचा भोंपू परत हँडलवर आला आहे.

भाऊबीजेला मी येतोय. रंग सुकलेला असो, नसो. तू काही करू नको, पोहेही नकोत. जनेलाकडे बस तेवढी.

तुझा आणि तुझाच,
दादा


इब्रामपूर,
२६ ऑक्टोबर

ती. दादा,

नीट पोचलास असा निखिलचा निरोप कोमलने सांगितला. आता माझ्या बाजूने काय झालं ते ऐक. तू होतास तेव्हा बोलायला जमलं नाही, सारखं भरून येत होतं.

भाऊबीजेला सकाळपासून मी जनेलाकडे होते. तू लिहिलं होतंस म्हणून नाही, रोजच असते. तू येऊ नये असं वाटत होतं, आणि रस्त्यावरून नजर हटत नव्हती. उन्हं वर आली, पोदेर केव्हाच येऊन गेला होता, आणि अचानक पोंक पोंक. मी कोमलला म्हटलं, "अगो, हा पोदेर अवेळी कसा आला?" ती म्हणाली, "आई, बघा तरी." मी खुंटीवरची पिशवी घेतली. सवयच ती. चप्पल घातली, फाटक उघडलं आणि रस्त्यावर आले. पडल्यापासून पहिल्यांदाच. आणि वळणावरून तू! घामाने निथळलेला, मागे टोपलंबिपलं काही नाही, आणि मी तुझ्यापुढे पिशवी धरून उभी.

तेव्हाच मला कळलं, की तुला कळलंय. तू हाक मारली नाहीस. पुढे आलास, उतरलास, माझ्यासमोर तोंड आणलंस आणि सावकाश म्हणालास, "बाये, पाव संपलो." मेल्या, रस्त्यात रडवलंस मला!

कोमलवर मी रागावले नाही. तिला सांगितलंय, पुढच्या खेपेला चोरून लिहायचं तर शाई तरी वेगळी वापर, बोटाला लागली होती. उजव्या हाताला प्लास्टर आणि डाव्याने ओवाळायचं नाही, तेव्हा तिने माझा हात खालून धरला आणि आम्ही दोघींनी मिळून तुला ओवाळलं. अशी भाऊबीज मला कधी मिळाली नव्हती.

सांजेचं तर तू बघितलंसच. गणेश नको नको म्हणत होता आणि तू त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणालास, "मागे ये आणि गप्प बघ." मी पुढे, तू मागून सायकलवर. भोंपू वाजला की मी डावीकडे. शाळेपाशी, काजूंपाशी, पार देवळापर्यंत. एकदाही चुकले नाही मी! परत येताना गणेश माझी चप्पल नीट करायला वाकला. तुला दिसलं नसेल, त्याचे डोळे ओले होते. सांज त्याने मला परत दिली, एका अटीवर, मशीन लावायचं. मी हो म्हटलं. तुला कळलं आणि तू हसला नाहीस, आता गावाला किती भ्यायचं? तो सर्वेशही आला होता. मान खाली घालून काय म्हणाला ते कोमलने मला सांगितलं, "आजी, तसलो भोंपू माका पण आणून द्या." मी म्हटलं, लाव, पण पोदेराला विचारून.

दुसऱ्या दिवशी सकाळी तू निघालास. फाटकापासूनच पोंक पोंक करत गेलास आणि आमच्या वाड्यावरच्या बायका पिशव्या घेऊन रस्त्यावर आल्या. पाव कुठला मिळायला? बिचाऱ्यांनी रिकाम्या पिशव्याच हलवून तुला निरोप दिला. मी पण हलवली.

वळणापर्यंत मला भोंपू ऐकू येत होता. मग बारीक झाला, मग गेला. मी पिशवीची घडी घालायला लागले. कोमल माझ्यासमोर आली, माझं तोंड स्वतःकडे वळवलं आणि म्हणाली, "आई, थांबा. मामा अजून वाजवतायत."

मग आम्ही दोघी तिथेच उभ्या राहिलो. मी थोड्या थोड्या वेळाने विचारत होते, "अजून?"

आणि ती मान हलवत होती, "अजून."

तुझी,
जानकी